ठिपक्यांमधला आपला बैल
वाटलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा आणि हळदीचा वास आला की लम्पीच्या वर्षीचा आमच्या ओसरीतला लॅपटॉप आठवतो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावात ही जनावरांची साथ कशी पसरेल, ते दोन तऱ्हांनी मांडत होतो. पहिल्या तऱ्हेत गावातली सगळी जनावरं म्हणजे एक हौद. त्यातून थोडी थोडी आजाराच्या हौदात वाहत जायची आणि आलेखाची रेघ सावकाश चढायची. ती बघून मी वडिलांना म्हणालो होतो, फार घाबरू नका. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक जनावराचा वेगळा ठिपका होता, त्याचा गोठा वेगळा, पाण्याची वाट वेगळी. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्यात, सणाला गावचे बैल जिथं जमतात ते वेशीचं तोरण टाकलं, तसे बैलांचे सगळे ठिपके तिथं एकमेकांना खेटले आणि लागण होऊन पटापट लाल झाले. वडिलांनी वाकून विचारलं, "यातला आपला कोनता?" मी बोट ठेवलं आणि म्हणालो, "उद्या त्याला नेऊ नका." शिंगांना लावायचा रंग हातात तसाच धरून ते म्हणाले, "वर्षभर राबला, अन् त्याच्याच सणाला बांधून ठिवू? न्हाई जमनार." दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर झूल मीच चढवली. पंधरवड्यात अंगभर गाठी उठल्या. आम्ही लेप लावत राहिलो आणि तो गेला. वर्षाअखेर गावात लागण झालेल्या जनावरांचा आकडा पहिल्या रेघेशी जुळला, म्हणून सरांनी तिलाच शाबासकी दिली. तो प्रोग्रॅम अजून माझ्याकडे आहे. चालू केला की आमचा ठिपका गोठ्यातून निघतो आणि वेशीकडे चालू लागतो.