हवा जादा, तेल कम

बंद पडलेली मोटारसायकल दिसली की काही लोक मदत करत नाहीत, निदान करतात. आमच्या गंगेकाठच्या दुर्गाघाटावर अशी माणसं फार, म्हणून किस्सेही फार.

गाडी काकांची, माझ्याहून वयानं मोठी. तिच्यावरून मी रोज गंगेपलीकडे बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायला जायचो. त्या ऑक्टोबरात ती वाटेतच दम टाकायला लागली. काका भिक्षुकी करणारे, शांत माणूस. पण त्यांनी बजावलं, दिवाळीपर्यंत सुधारली नाही तर विकणार. म्हणजे माझा वर्ग बंद.

*

रामधनी मिस्त्रीनं दोनदा एक्सलेटर पिळला आणि निकाल दिला, "हवा जादा, तेल कम."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुझ्यावर गेली."

*

प्लग काढला तर पांढराफटक. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय याची ती खूण, असं मी घरात समजावत होतो. काकूंनी प्लग हातात घेऊन निरखला.

"इतका स्वच्छ? तुझा बनियन कधी असा निघत नाही."

*

संकठा घाटाच्या गल्लीत एक सांड आडवा बसायचा. कुणासाठी उठायचा नाही. एकदा त्याच्यासमोर कार्बोरेटर फाट्‌कन वाजला आणि सांड निमूट उठून चालता झाला. एसटीडी बूथवाले तिवारीजी कळवळून म्हणाले, "इसको ठीक मत कराइए."

*

मग मी पुस्तक वाचून स्वतःच कार्बोरेटर खोलला. चार वेळा. पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, म्हणजे जेट, दर वेळी साफच निघायचं. जोडून झालं की टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचो, किक मारायचो आणि गाडी सुरू! श्रेय अर्थात माझं. दोन मैलांवर पुन्हा तेच. वर्गातल्या बायका वाट बघून घरी जायच्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "मास्टरजी, पढ़ना तो आ जाएगा. आप कब आएँगे?"

*

धनत्रयोदशीला गिऱ्हाईक आलं. गाडी चालू करून दाखवायला काकांनी रामधनीला बोलावलं. तो किक न मारता टाकीच्या झाकणाकडेच बघत राहिला. झाकणाला एक बारीक भोक असतं. तिथून हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही; मी झाकण उघडायचो तेव्हा तेवढीच हवा आत जायची. दसऱ्याच्या पूजेत काकांनी नेमकं तिथंच बोटभर गंध लावलं होतं. वाळून त्याचा दगड झाला होता.

रामधनीनं टाचणीनं भोक मोकळं केलं. मी मैदागिनच्याही पुढे चांगला चार मैल जाऊन आलो, गाडी एकदाही अडली नाही. काकांनी गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवलं.

रामधनी हात पुसत, काकांना अगदी अदबीनं म्हणाला, "गुरुजी, भगवान को चंदन लगाते हैं, तो नाक छोड़ के लगाते हैं न?"