सोयरीक आणि तीन पत्ते

ते प्रकरण आठवलं की मला आजही हसू येतं. पोलिसाच्या वाट्याला अशा आठवणी थोड्याच येतात. नावं सांगत नाही, दोन्ही घरं सुखात आहेत.

मी तेव्हा नांदेडला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना लातूरचा एक तरुण आपल्या मामांना घेऊन आला. त्याची सोयरीक नांदेडच्या मुलीशी ठरली होती. ती इथल्या एका खासगी संगणक क्लासमध्ये शिकवायची. लग्न तोंडावर आलं आणि तिची बदनामी करणारे तीन निनावी ई-मेल त्याच्या घरी पोहोचले. तिन्ही क्लासमधूनच पाठवलेले, पण प्रत्येकात नोंदलेला संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता वेगळा. म्हणजे तीन संगणक आणि तीन माणसं, असं घरच्यांनी धरलं. मुलाचा तिच्यावर पूर्ण भरवसा होता, अडून बसले होते ते मामा.

“साहेब, एकानं लिवलं असतं तर सोडून दिलं असतं,” मामा म्हणाले. “तिघं सांगून राहिलेत. तिघं कशापायी खोटं बोलतील?”

फिर्याद घेऊन आम्ही क्लास गाठला. मालकाचे, शिक्षकांचे जबाब घेतले. सगळे घाबरलेले होते. शांत होता तो फक्त तिथले संगणक सांभाळणारा. ते पत्ते कुठल्या संगणकांचे हे आता कळणार नाही, असं तो न विचारताच सांगत सुटला. निर्दोष माणूस पोलिसासमोर अडखळतो. ह्याचं सगळं पाठ होतं.

आमच्या सायबर विभागातल्या उपनिरीक्षक बाईंनी नोंदी तपासल्या आणि त्या हसायलाच लागल्या. तिन्ही पत्त्यांमागे नेटवर्क कार्ड, म्हणजे संगणकाला नेटवर्कशी जोडणारा भाग, एकच होतं, आणि ते त्या संगणक सांभाळणाऱ्याच्याच संगणकातलं. एका कार्डाला अनेक पत्ते देता येतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझंच बघा, ठाण्यात साहेब, गावात बापू, सासुरवाडीत जावई. माणूस एकच.

मामांना हे तोंडी पटेना. मग क्लासमध्येच, मामा आणि मुलीच्या देखत, पंचांसमोर बाईंनी दुसऱ्या संगणकावरून संदेश पाठवून तिन्ही पत्त्यांना हाक मारली. तिन्हींनी ओ दिली. मी त्या माणसाच्या संगणकाची वायर उपसली. तिन्ही एकदम गप्प झाले, आणि तोही. मुलीनं आपल्याला नकार दिला होता, हे त्यानं नंतर जबाबात कबूल केलं. संगणक जप्त झाला.

मामा टोपी सारखी करत मुलीकडे वळले. “माय, चुकलं आमचं. येशील का आमच्या घरी?”

“येते,” ती म्हणाली. “पण पुन्हा कुणी काही लिहिलं, तर आधी मला विचारायचं.”

“हाव,” मामा म्हणाले. मला इतका आनंद झाला की पंचनाम्यावर सही करायचीच राहिली, बाईंनी आठवण करून दिली.

त्यानंतर कुणी ‘सगळे म्हणतात’ असं सांगितलं की मी विचारायचो, सगळे म्हणजे नेमकं कोण? पुष्कळदा एकच जण निघायचा. ही सवय मला पुढे फार कामी आली.

लग्नाला मी सहकुटुंब गेलो. अक्षता पडल्यावर मामा मला ओढतच पंगतीत घेऊन गेले आणि म्हणाले, “साहेब, सगळे म्हणून राहिलेत, जोडा लई शोभतोय.”

तेवढी एक चौकशी मात्र मी केली नाही.