विहीणबाईंचं जपान आणि माझं लॉख लोमंड

सगळ्यात आधी आल्या त्या देशपांडेबाई. त्यांना चारला चहाला बोलावलं की त्या साडेतीनला येतात, कारण घर इथंच वॉटफर्डला, आमच्या मागच्याच गल्लीत, आणि घरी बसून त्यांना करमत नाही. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. म्हणाल्या, "काय हो, तुमच्या विहीणबाई जपानला एकट्या जाऊन आल्या म्हणे?" मी म्हटलं, "एकट्या कुठल्या, टूरबरोबर होत्या." तर म्हणतात, "नाही हो, टूर सोडून एक रात्र कुठल्याशा डोंगरातल्या तळ्यावर एकट्याच राहिल्या. सगळ्या बेसिंगस्टोकला माहीत आहे." म्हणजे बघा, बातमी आमच्या घरची आणि मला सांगतंय कोण, तर देशपांडेबाई.

विहीणबाई म्हणजे सुनंदाताई, माझ्या सुनेची, केतकीची आई. पुण्याला शाळेत मुख्याध्यापिका होत्या. सध्या बेसिंगस्टोकला मुलाकडे सहा महिने आल्यात. "येता येता जपान करून आले" असं त्या सगळ्यांना सांगतात. मी नकाशा काढून बघितला. जपान वाटेवर नाही.

पाच वाजता आल्या आणि नितीननं, माझ्या मुलानं, त्यांचे फोटो टीव्हीवर लावले. निळंशार तळं, त्यात डोंगर उलटा उभा. चटईवरची गादी. लाकडी वाट्यांमधलं वीतभर जेवण. तळ्याचं नाव त्यांनी मला तीनदा सांगितलं, तीनदाही लक्षात राहिलं नाही. माझी नात इरा, नऊ वर्षांची, त्यांना चिकटून बसली होती. एरवी ती माझ्या मांडीला टेकून बसते.

मग इरानं सांगितलं, तिच्या शाळेत ग्रँडपेरेंट्सची असेंब्ली आहे. प्रत्येक मुलानं एका आजीला किंवा आजोबाला आणायचं, आणि त्यांनी आपल्या एका प्रवासाची गोष्ट सांगायची. एकालाच आणायचं, दोघांना नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तू कधी एकटा कुठे गेला आहेस, like, ever?"

देशपांडेबाईंनी चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

खरं सांगते, मी नव्हते गेले. माहेरी आम्ही सात भावंडं, सासरी नऊ माणसं, आणि आमचे हे गेल्यावर महिन्याच्या आत नितीन मला वॉटफर्डला घेऊन आला. एकाहत्तर वर्षं झाली, पण ज्या घरात आपलं कुणी नाही अशा घरात मी एक रात्र काढलेली नाही. चौथीनंतर शाळाही सुटली. तरी तोंडातून निघून गेलं, "जाणार आहे की. पुढच्याच आठवड्यात."

(हे मी वहीत लिहिते आणि केतकी टाइप करते. तिच्या आईबद्दल आहे तरी एक शब्द बदलायचा नाही, असं कबूल करून घेतलंय.)

रात्री जेवताना नितीन म्हणाला, "आई, अगं तुला हवं तर आपण सगळे जाऊ ना समरमध्ये." मी म्हटलं, "सगळे गेलो तर त्याला एकटी म्हणतात का?" केतकीनं मात्र लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "आई, तुम्हाला तळंच हवंय ना?" मी म्हटलं, "तळंच. आणि डोंगरातलंच." अशी मी लॉख लोमंडला निघाले. स्कॉटलंडमध्ये तळ्याला लॉख म्हणतात.

कुणाला जायचं असेल तर सांगते. सीनियर रेलकार्ड असेल तर तिकिटाचा तिसरा हिस्सा सुटतो, आणि आधी काढलं तर आणखी स्वस्त पडतं. वॉटफर्ड जंक्शनहून निघाले, क्रूला गाडी बदलली. निघताना वॉटफर्डच्या प्लॅटफॉर्मवर केतकी रडली, मी नाही. ग्लासगोला उतरलं की दुसऱ्या स्टेशनवर जावं लागतं, दहा मिनिटं चालत. मी चार जणांना विचारलं आणि चौघांनीही हातातलं काम सोडून रस्ता दाखवला. एक पोलीस तर कोपऱ्यापर्यंत आला. पुढची गाडी छोटी, डबे थोडे. तिच्यात डावीकडे बसा. उजवीकडे बसलात तर तुम्हाला झाडं दिसतील आणि डावीकडच्यांना पाणी. मी उजवीकडे बसले होते. शेवटी उठले आणि एका बाईला म्हटलं, "एक्स्क्यूज मी, आय सी?" ती सरकली. अर्धा तास आम्ही दोघी एका खिडकीत.

अरोकर अँड टारबेट नावाच्या स्टेशनवर उतरले. उतरणारी मी आणि एक कुत्रेवाला. तिथून उतारानं पंधरा मिनिटं चाललं की टारबेट गाव लागतं आणि समोर तळं.

आणि तळ्यावर ढग. काही म्हणता काही दिसेना. समोर मोठा डोंगर आहे असं केतकीनं सांगितलं होतं, बेन लोमंड नावाचा. तो सगळा झाकलेला. विहीणबाईंच्या तळ्यात डोंगर दोनदा दिसत होता, सुलटा आणि उलटा. मला एकदाही दिसेना. वरून केसात, कानात बारीक बारीक माश्या शिरल्या, अशा चावऱ्या की विचारू नका. मिज म्हणतात त्यांना. जूनमध्ये जाणार असाल तर तोंडावर बांधायला जाळी न्या. मी साडीचा पदर बांधला आणि तळ्याला म्हटलं, "जपानात असतंस तर असं वागलं असतंस का?"

राहायची खोली ऐंशी पौंडांची, नाश्ता त्यातच. मालकीणबाईंचं नाव आयलीन. माझ्याच वयाच्या, केस पांढरे कापसासारखे. दार उघडून आधी माझ्या मागे बघितलं, आणखी कोण येतंय का म्हणून.

"जस्ट यू?"

"जस्ट मी," मी म्हटलं. म्हणताना छाती इतकी फुगली की पिशवी हातातून पडली.

संध्याकाळी त्यांनी मसुरीचं सूप दिलं, अगदी आपल्या आमटीची बिनतिखट बहीण. मी माझे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. आयलीनबाईंनी धपाट्याचा तुकडा खाल्ला, मग चटणी खाल्ली, मग दोन ग्लास पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "लव्हली." मग पुन्हा चटणी घेतली. नऊ वाजले तरी बाहेर दुपारसारखा उजेड. खोलीत गेले, दार लावलं, कडी पुन्हा बघितली. घोरणं नाही, खोकला नाही, कुणाच्या फोनचा आवाज नाही. मला वाटलं होतं भीती वाटेल. तसं झालं नाही. पलंगाच्या मधोमध झोपले, दोन्हीकडे हात पसरून. आयुष्यात पहिल्यांदा.

सकाळी उठून पडदा सारला आणि समोर डोंगर! आख्खा, सुलटा आणि उलटा. मी मोठ्यानं म्हटलं, "विहीणबाई, बघा."

आता मुख्य गोष्ट. मी वॉटफर्डहून एक नारळ नेला होता. माझी आई कुठल्याही नव्या पाण्याशी गेली की नारळ वाहायची, आणि काही मागायचं असेल तर तेव्हाच मागायची. आमच्याकडे विधवेनं असलं काही करू नये म्हणतात, पण लॉख लोमंडला कोण सांगणार? काठावर गेले, नारळाला हळद-कुंकू लावलं, डोळे मिटले. मागितलं, की इरानं शाळेत मलाच न्यावं. विहीणबाईंना नाही, मला. सगळं स्पष्ट मागितलं, देवाचा घोटाळा नको. आणि नारळ टाकला.

तिथं एक मुलगी फळीवर उभी राहून वल्हं मारत होती, काळा रबरी पोशाख घातलेली. तिनं पाहिलं. सरसर वल्हवत आली, नारळ उचलला आणि काठावर आणून माझ्या हातात दिला.

"यू ड्रॉप्ड युअर कोकोनट."

मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती वळली तशी पुन्हा टाकला, जरा लांब. तिनं पुन्हा आणून दिला. आता मात्र तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, की ह्या आजींच्या हातात जोर नाही वाटतं.

मी म्हटलं, "नो नो. गिफ्ट. फॉर वॉटर."

ती फळीवर बसली. म्हणाली, फार छान आहे हे, पण इथं बाहेरचं काही पाण्यात टाकायचं नसतं, हंस आहेत, मासे आहेत. आणि हा बुडणार नाही, तरंगत तरंगत खाली दुसऱ्या टोकाला जाईल आणि तिथं कुणीतरी बाहेर काढेल. इतक्या गोडीनं सांगितलं की मलाच लाज वाटली. पण मला खरं लागलं ते वेगळंच. दोनदा वाहिला आणि दोनदा परत आला. म्हणजे पाणी नाही म्हणतंय.

मग मी दगडावर नारळ फोडला. पाणी सगळं तळ्यात ओतलं, त्याला काही ती नाही म्हणाली नाही. खोबरं तिला दिलं, मी खाल्लं, आणि उरलेलं आयलीनबाईंच्या नाश्त्याच्या टेबलावर नेलं. तिथं दोन सायकलवाले होते, त्यांनीही खाल्लं. नाश्त्याला बटाट्याची चपटी पोळी, मशरूम, टोमॅटो, बीन्स. शाकाहारी आहे असं आधी सांगून ठेवा, वेगळ्या तव्यावर करून देतात. मग तासाभराची बोटीची फेरी केली, वीस पौंडांच्या आत झाली. बोटीवर वारा होता म्हणून माश्या नव्हत्या. पण खरं सांगू, डोंगर बघत होते आणि मन नारळातच होतं.

घरी पोचले तेव्हा इरा जागी होती. मी पिशवीही खाली ठेवली नाही, सगळं सांगितलं. नारळ पहिल्यांदा परत आला तिथं ती हसली, दुसऱ्यांदा आला तिथं सोफ्यावरून खाली पडली. मग उठून बसली आणि म्हणाली, "आजी, don't be sad. मी मिस ला पुण्याची आजीचं नाव दिला. Monday ला च दिला."

म्हणजे सोमवारी मी स्टेशनवर होते तेव्हाच माझा नवस निकालात निघाला होता. तळं खोटं बोललं नाही. मी म्हटलं, "चांगलं केलंस," आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे घासले. स्वच्छच होते, तरी घासले.

काल रविवारी विहीणबाई शुक्रवारच्या असेंब्लीची तयारी करायला आल्या. इरा त्यांना बोलूच देईना. "First listen, आजीचा coconut ऐक!" मला पुन्हा सगळं सांगावं लागलं, फळीवरच्या मुलीचा आवाज काढून. विहीणबाई हसल्या, पण ओठांनीच. मी चहा टाकायला उठले तर मागोमाग आल्या.

"तुम्ही खरंच टाकलात? लोक बघत असताना?"

"टाकला की. दोनदा."

त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला तिथं फार वाटलं होतं हो. नारळ नाही तर नाही, पाण्याला नुसता हात लावून डोळ्यांना लावावा. पण शेजारी मुलं फोटो काढत होती. मी आपले कोटाच्या खिशातून हात काढलेच नाहीत. जन्मभर मुख्याध्यापिका ना मी." मग चहाच्या भांड्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचा हेवा वाटतो मला."

खोटं कशाला बोलू, ऐकून इतकं बरं वाटलं की चहात साखर दोनदा घातली. (हे लिहू का म्हणून त्यांना विचारलं. "लिहा," म्हणाल्या.)

पुढे म्हणाल्या, "असेंब्लीला तुम्हीच जा. तुमची गोष्ट मुलांना जास्त आवडेल."

आणि इथं मी चूक केली. आपल्याकडे कुणी मान दिला की पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं, समोरच्यानं आग्रह करायचा असतो, तिसऱ्या खेपेला आपण घ्यायचा असतो. सवयीनं तोंडातून गेलं, "छे छे, तुमचं नाव दिलंय, तुम्हीच जा."

"बरं," म्हणाल्या. संपलं. दुसरा आग्रहच नाही! बाहेर जाऊन इराबरोबर जपानचे फोटो निवडायला बसल्या. मी चहा गाळत बसले.

तर जायचं असेल त्यांनी जरूर जा. गाडी, खोली, जेवण सगळं सांगितलंच आहे. मला काय मिळालं विचाराल, तर पलंगाच्या मधोमध झोपायला मिळालं आणि एक मुख्याध्यापिका माझ्यावर जळली. असेंब्लीतली खुर्ची नाही मिळाली. तिचं मला अजून वाईट वाटतं, आणि वाटणार.

विहीणबाई मुलीच्या सासरी रात्र काढत नाहीत. केतकीच्या लग्नाला बारा वर्षं झाली, कितीही उशीर होऊ दे, शेवटच्या गाडीनं बेसिंगस्टोकला परत जाणार म्हणजे जाणार. काल दारात बूट घालता घालता मला म्हणाल्या, "शुक्रवारी शाळा झाली की इराबरोबर इथंच येते. राहायला." केतकीनं मला विचारलं, "आई, मी नीट ऐकलं ना?" मी म्हटलं, हो गं, शुक्रवारीच.