आमच्या कंपनी बसची लायब्ररी

पुस्तकांवर धूळ बसते म्हणतात. आमच्या बसमधल्या पुस्तकांवर किस्से बसतात! कासारवाडी ते चाकण जाता-येता वाचायला म्हणून ड्रायव्हरच्या सीटमागे आम्ही एक पिशवी टांगली. हाताला येईल ते पुस्तक वाचायचं, एवढाच नियम.

क्वालिटीच्या पवारांना परदेशी कादंबरीचं भाषांतर मिळालं. त्यातली नावं हातभर लांब! लक्षात राहावं म्हणून त्यांनी प्रत्येक पात्राला कंपनीतल्या माणसाचं नाव दिलं. एक दिवस ते कँटीनमध्ये परचेसच्या देशमुखांशी बोलेचनात.

"अहो, झालं काय?"

"काल तुम्ही बायकोला टाकून पळालात!"

*

कचेऱ्यांची टर उडवणारं एक पुस्तक आमचे नवे मॅनेजर घेऊन गेले. त्यात एका पेन्सिलीसाठी साहेबांच्या साताठ सह्या लागतात. सोमवारी फर्मान निघालं, हातमोज्यांना आता चार सह्या!

वर मला म्हणाले, "मॅडम, पुस्तक छान आहे. बरंच इम्प्लिमेंट करण्यासारखं आहे."

*

ड्रायव्हर बालाजी बीडचा. त्याला कॉमिक्स मी वाचून दाखवते, चित्रांसकट. एकदा सिग्नलला बस थांबलेली, हिरो गच्चीवरून घसरला आणि मी पान उलटायला थांबले. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू.

"ताई, पडला का धरला ते सांगा आधी. मग गिअर टाकतो!"

*

मशीन शॉपच्या तापकीर अण्णांना झोपेच्या शास्त्रावरचं पुस्तक आलं. वाटेतलं मोशी यायच्या आत घोरायला लागले.

उठल्यावर म्हणाले, "लेखक जाणकार हाय. दोन पानांत गुण आला!"

*

मग अण्णांच्या रिटायरमेंटचा दिवस आला. शाल, नारळ, पेढे, सगळं झालं. अण्णा मात्र बेचैन. हातात खुनाची कादंबरी आणि शेवटची पानं राहिलेली.

"घरी नातवंडं वाचू देत न्हाईत. आमचं वाचन काय ते बसातच. कासारवाडीच्या आत खुनी घावला पायजे!"

आणि रोज मुंगीच्या पावलानं सरकणारा रस्ता नेमका त्या संध्याकाळी मोकळा! बालाजीनं आरशातून अण्णांकडे पाहिलं. कासारवाडी तोंडावर आली तशी नाशिक फाट्याच्या अलीकडे त्यानं बस कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं.

पवारांनी हळूच घरी फोन लावला, "पोरीला क्लासला तूच सोड, मला उशीर होईल." मला फार बरं वाटलं.

बऱ्याच वेळानं अण्णांनी पुस्तकातून मान वर न काढता विचारलं, "आज ट्रॅफिक लई हाय, व्हय रं बालाजी?"

शेजारून गाड्या भुर्रकन निघून जात होत्या.

"लई हाय, अण्णा! तुमी वाचा."