डोळ्यांचा शंभर टक्के निकाल

माझा मूर्खपणा मीच सांगून टाकतो. नाहीतर वर्गातली पोरं सांगतील, तेही तिखटमीठ लावून!

मी खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मास्तर. दसरा झाला आणि निरोप आला, परवा आरोग्य पथक येतंय, मुलांचे डोळे तपासणार. आता 'तपासणी' म्हटल्यावर मास्तरला काय सुचणार? तयारी! डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता शाळेच्या कपाटात होताच. तो भिंतीला लावला आणि दिवसभर पाढ्यांसारखा घोकून घेतला. माझ्या वर्गातलं एकही पोर नापास होता कामा नये! हसताय काय? वीस वर्षं निकाल लावून बघा म्हणजे कळेल.

डॉक्टर मॅडम आल्या. भिंतीवर तक्ता बघून म्हणाल्या, "वा, आमचा काढायलाच नको." पोरं धडाधड पास. मी मिशीत हसतोय.

मग राणी उठली. आईबाप ऊसतोडीला जाणारे. सोमवारी टोळी निघणार, राणीही जाणार, ती थेट उन्हाळ्यात परतणार. तिनं सुरुवात केली, "ग... प, ल... र, न, म..." तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं तक्ता खिळ्यावरून निसटला. पोरगी थांबेचना!

"अगं, तक्ता खाली पडलाय!" मॅडम म्हणाल्या.

"कवा पडला?" राणी गोंधळली. "मग पुढची वळ म्हनू का नको?"

"हे कुणी शिकवलं तुला?"

सगळ्या वर्गानं अभिमानानं माझ्याकडं बोट केलं. "सरांनी!"

मॅडमनी स्वतःचा तक्ता काढला. राणीला वरचं मोठं अक्षर सोडून काहीच वाचता येईना. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, आज ही सुटली असती, तर सहा महिने फडात अशीच राहिली असती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारणीच्या वहीत बघून लिहिते म्हणून मी या पोरीला दोनदा बाकावर उभं केलं होतं. त्याची लाज आजही वाटते.

सगळ्या वर्गाची तपासणी पुन्हा झाली. राणीला आणि तिच्या आईला मी स्वतः मोटारसायकलवरून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. शनिवारी चष्मा आला.

तिनं तो लावला, फळ्याकडं बघितलं आणि बघतच राहिली. मला भरून आलं.

"दिसतंय का गं नीट?"

"व्हय सर, लई चांगलं दिसतंय." मग जरा थांबून म्हणाली, "पन सर, तुमचं अक्षर असंच हाय व्हय?"