संगं काय काय येतं?

"संगं काय काय येतं?" काहीही विकत घेताना तात्यांचा पहिला प्रश्न हाच. बारामतीत साधी बादली घेतली तरी विचारायचे. मुलीचं स्थळ निरवांगीला ठरलं, तेव्हा भर बैठकीत व्याह्यांना म्हणाले, "नवरदेव पसंत हाय. संगं काय काय येतं?"

"सासू येती," व्याही म्हणाले. बैठक हसली. सगळ्यांत मोठ्यानं तात्याच.

तात्या आमच्या गावच्या वाचनालयाचे शिपाई. मी अध्यक्ष. असा शिपाई तुम्हीही पाहिला असेल. झाडून झालं की पेपरच्या घड्या सरळ करत बसणारा. आमचे तात्या मात्र कॉम्प्युटरपुढं बसायचे. त्या मशीनबरोबर एक प्रोग्राम आला होता, फोटो जोडून त्यामागं आपला आवाज भरायचा. तात्यांनी त्यात गावातली गेलेली माणसं एकेक करून बसवली. फोटो दिसायचा आणि मागून तात्यांचा आवाज यायचा, "ही आमची मालकीण. हिनं मला एकदाबी नावानं हाक मारली न्हाय. नुसतं 'अवं'." लोक पाहायला यायचे. हसायचे, मग डोळे पुसायचे.

मशीन हळू झालं म्हणून नवी सिस्टिम टाकायचं ठरलं. दुकानदारानं मला आधी फोन केला होता. "नाना, मशीनबरोबर आलेला फोटोंचा प्रोग्राम नव्या सिस्टिमबरोबर येत नाही. वेगळा घ्यावा लागेल."

"शिपायाच्या खेळासाठी कशाला? राहू दे," मी म्हणालो.

मिटिंगमध्ये तात्यांनी विचारलंच, "नाना, नव्या सिस्टिमच्या संगं काय काय येतं?"

"सगळं येतं. आता चहा सांगा."

लोक हसले. या वेळी तात्या हसले नाहीत.

सिस्टिम आली. तात्यांच्या फायली दिसायच्या, उघडायच्या नाहीत. गावात ओरड झाली. कुणीतरी म्हणालं, तात्यांनीच कुठंतरी बोट घातलं असणार. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो. तेवढं पुरलं. तात्यांनी मशीनला हात लावायचा नाही, असं ठरलं. तो प्रोग्राम तेव्हा वेगळा मिळत होता. पण घेतला असता, तर मला आधीपासून माहीत होतं हे उघड झालं असतं.

वाचनालयाची किल्ली परत द्यायला तात्या माझ्या घरी आले. अंगणातच उभे राहिले. "नाना, ऊस कारखान्याला गेला तर शेंड्याचं हिरवं वाढं तोडणाऱ्याला ऱ्हातं. जनावराच्या तोंडी तरी लागतं. माझं वाढं कुणाच्या तोंडी लागलं?"

मी म्हणालो, "चहा घेऊन जा." ते थांबले नाहीत. मुलीकडं निरवांगीला गेले ते गेलेच.

त्यांच्या दहाव्याला मी गेलो. रीतीप्रमाणे माझ्या हातात माइक दिला. 'प्रामाणिक सेवक' म्हणालो, 'वाचनालयाचा आधार' म्हणालो. बोट त्यांनी घातलं नव्हतं, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते तेवढं राहिलं. आज इथं लिहितोय.

निघताना त्यांची मुलगी चपलांपाशी आली. "नाना, आईच्या फोटूमागं तात्या बोलल्यात म्हनं. आमच्याकडं त्यांचा आवाज कुठंच न्हाय. तुमच्या मशीनमधी हाय का?"

"हाय की," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. आवाज मशीनमध्येच आहे. तो प्रोग्राम आता कुठंच मिळत नाही.