दुसरी गैरहजेरी

मालनचा फोन आला की 'हॅलो'च्या आधी ती कुठं आहे ते कळायचं. "बाई, मी दिघंचीच्या रस्त्याला हाय, पंपाच्या अंगाला. पावणेसात झाल्यात. आता बोला." फोन तिनंच केलेला असायचा, तरी 'आता बोला' मला. मी हसून म्हणायची, "अगं, तू कुठं आहेस ते मी विचारलं का?" त्यावर ती म्हणायची, "तुमी न्हाई विचारलं. पर इचारणारी दुसरी लय हायती."

ते विचारणारे सातासमुद्रापलीकडं बसलेले होते. मालन चालण्याच्या शर्यतीतली खेळाडू होती. परदेशात एक पदक घेऊन आल्यावर तिचं नाव एका यादीत गेलं. या यादीतल्या खेळाडूनं पुढच्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक दिवशी कोणता एक तास कुठं सापडेल हे आगाऊ लिहून द्यायचं. कधीही, न सांगता, तपासणीचा माणूस येणार आणि उत्तेजक औषध घेतलंय का ते बघायला लघवीचा, रक्ताचा नमुना नेणार. ठिकाण बदललं तर मोबाइलवर ताबडतोब बदलायचं. त्या तासात माणूस आला आणि खेळाडू सापडली नाही, तर एक गैरहजेरी. वर्षभरात अशा तीन झाल्या की बंदी. मग अंगात काही सापडलेलं असो वा नसो.

हे सगळं इंग्रजीत. आटपाडीच्या हायस्कुलात मी तिला आठवीपासून इंग्रजी शिकवलेलं. त्यामुळं ते काम आपोआप माझ्याकडं आलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा गर्वही होता.

शाळेत मालन वर्षातले चार-पाच महिनेच असायची. तिचे वडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कृष्णाकाठाला उतरायचे. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, खत पडेल तसं पुढं सरकायचं. मालन बरोबर. परत आली की पायाच्या भेगा दाखवून म्हणायची, "बाई, ह्यो माझा भूगोल." एका वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला चालण्याच्या शर्यतीत कुणी मुलगी नाव देईना, म्हणून खेळाच्या सरांनी तिचं नाव टाकलं. ती शर्यत ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगायला हवं. त्यात पळायचं नसतं. एक पाय कायम जमिनीला लागलेला हवा, पुढचा गुडघा सरळ हवा, आणि तरी वेग पळणाऱ्याचा. त्यामुळं कंबर अशी काही हलते की बघणाऱ्याला हसू यावं. सांगलीच्या मैदानावर पोरं शिट्ट्या मारत होती. मालन पहिली आली. मी म्हटलं, "वाईट नको वाटून घेऊस गं." ती घाम पुसत म्हणाली, "हसू द्यात की. हसणारा जाग्यावर उभा ऱ्हातोय, मी म्होरं जाती."

गावात मात्र कुजबुज झाली. बाईमाणसानं असं रस्त्यानं चालायचं का, म्हणून दोघं-तिघं म्हातारे तिच्या वडिलांकडं आले. वडील फार बोलणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, "मेंढरामागं चालत हुती तवा कुणी बघाय आला न्हाईसा. आता कशाला बघताय?" विषय संपला.

तर तो फॉर्म. दर तीन महिन्यांनी ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहायची आणि मी टेबलावर लॅपटॉप उघडायची. तिनं पहाटे पाच ते सहा हा तास निवडला होता, कारण तेव्हा ती नक्की वस्तीवर असायची. पहिल्याच रकान्यात घराचा नंबर विचारलेला. ती म्हणाली, "वस्तीला कसला आलाय नंबर? लिवा, टाकीच्या पल्याड, लिंबापाशी." मी तसंच इंग्रजीत लिहिलं. पहिल्यांदा पुण्याहून तपासणीची बाई आली तेव्हा त्या माळावर तिला दहा-बारा कडुलिंब दिसले. तिची गाडी ह्या लिंबापासून त्या लिंबापर्यंत फिरताना बघून मालनच तिच्यामागं धावली, "आवं मॅडम, हिकडं! तुमी शोधताय ती मीच!" त्या बाईनं नंतर वस्तीवर बसून भाकरी खाल्ली. मालनला तपासणीचा राग कधीच नव्हता. "चोर हुडकायचा तर समद्यांच्या घरात शिरावं लागतंया," ती म्हणायची. "माझ्या घरात काय न्हाई. येऊ द्यात."

पहिली गैरहजेरी तिची स्वतःची होती. कऱ्हाडजवळ मेंढरांच्या तळावर वडिलांना ताप भरला, ती रातोरात निघून गेली आणि ठिकाण बदलायचं राहिलं. "ही माझी," ती म्हणाली. "मान्य हाय."

दुसरी तिची नव्हती. ती राष्ट्रीय शिबिरात असताना खेळाच्या संघटनेनं एका दिवसात शिबिराचं वसतिगृह बदललं. नवं ठिकाण त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुलींचे फोन शिस्तीच्या नावाखाली जमा केलेले. मालननं फोन मागितला, कारणही सांगितलं. शिबिरप्रमुख म्हणाले, "सगळ्यांचं ऑफिसातून कळवलंय, तू सरावाकडं बघ." कुणीच काही कळवलेलं नव्हतं. दोन दिवसांनी पहाटे तपासणीचा माणूस रिकाम्या वसतिगृहाला कुलूप बघून गेला. मालननं शिबिरप्रमुखांना म्हटलं, जे झालं ते लिहून द्या. ते म्हणाले, देतो. लेखी असं काही कधीच आलं नाही.

तिसरी माझी.

फेब्रुवारीतला दिवस. शाळेचं स्नेहसंमेलन होतं, मी पडद्यामागं मुलींच्या साड्यांना पिना लावत होते. मालनचा फोन आला. "बाई, मी आटपाडीच्या स्टँडवर हाय. सांगलीला निघाले, कुपवाडला मावशीकडं. तीन दिस तितंच. तेवढं बदला." मी म्हटलं, "हो, घरी गेले की करते." घरी गेले, चहा केला, पाय शेकले आणि झोपले. ते माझ्या ध्यानातच राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तीवर गाडी आली. मालन त्या वेळी कुपवाडच्या कारखान्यांमधल्या रस्त्यावर सराव करत होती. तास संपायला पाच मिनिटं असताना तिला तपासणीवाल्यांचा फोन आला. तिथून वस्तीपर्यंत दोन-अडीच तास.

तिनं मला सात वाजता कळवलं. मी फोनवरच रडायला लागले. तीच म्हणाली, "रडू नगासा. शाळंत जायचंय तुमाला." तिची पोलीस खात्यातली नोकरी खेळाडूंच्या जागेवरून जवळजवळ ठरली होती. पुढच्या उन्हाळ्यात परदेशात मोठी स्पर्धा होती. हे सगळं तिला माहीत होतं आणि ती मला शाळेची आठवण करून देत होती.

मी लगेच लिहून पाठवलं की चूक संपूर्ण माझी आहे. उत्तर आलं ते नम्र आणि स्वच्छ होतं. फॉर्म दुसऱ्यानं भरला तरी जबाबदारी खेळाडूचीच. आता उरली सुनावणी, आणि सुनावणीत उरली होती ती दुसरी गैरहजेरी. ती रद्द झाली असती तर तीन भरत नव्हत्या.

सुनावणीच्या दोन दिवस आधी संघटनेच्या चिटणिसांचा मला फोन आला. मालनला नाही, मला. आवाज अतिशय गोड. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून तुमच्याशी बोलतो. पोरीला सांगा, शिबिराचा विषय काढू नको. चूक मान्य केली की दोन वर्षांची बंदी वर्षावर आणू आपण. आमचे तिकडं संबंध आहेत. आणि मॅडम, उद्या संघ निवडायचा आम्हीच ना?"

मी मालनला घरी बोलावलं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "जे घडलं ते बोलू ने, व्हय?"

"बोलू नये असं नाही गं. पण ह्या लोकांशी वैर घेऊन आपण कुठं जाणार? एक वर्ष काढ. मी सांगते ते ऐक."

"तुमी म्हंता तर," ती म्हणाली. त्यानंतर बराच वेळ ती परातीतली मेथी निवडत बसली.

सुनावणी सांगलीला एका ओळखीच्या वकिलाच्या ऑफिसातून, पडद्यावर झाली. पलीकडं तीन देशांतली तीन माणसं, आणि पुण्याची एक तरुण दुभाषी. माणसं वाईट नव्हती. मधल्या बाईनं तर चष्मा काढून अगदी सावकाश विचारलं, "दुसऱ्या घटनेबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे का? वेळ घ्या." दुभाषी मुलीनं ते मराठीत सांगितलं. मालननं माझ्याकडं पाहिलं. टेबलाखाली मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"न्हाई," मालन म्हणाली.

बंदी दोन वर्षांची झाली. चिटणिसांनी माझा फोन उचलला नाही. अपिलाला तीन आठवडे होते. ते मी त्यांच्या फोनची वाट बघण्यात घालवले. मुदत संपल्यावर, सुनावणीला नुसती जागा दिलेल्या त्या वकिलांनी सगळे कागद शांतपणे वाचले आणि म्हणाले, "हिच्याबरोबरच्या पाच मुली होत्या ना शिबिरात? फोन काढून घेतले होते एवढं त्यांनी सांगितलं असतं तरी पुरलं असतं. तुम्ही हे मांडलंच नाही?" मालन म्हणाली, "ऱ्हाऊन गेलं, साहेब."

वर्तमानपत्रात मथळा आला, उत्तेजक प्रकरणी धावपटूवर बंदी. धावपटू हेही चूकच. मालन एसटीनं सांगलीला गेली, त्या कचेरीत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या अंगात काय सापडलं ते छापा. औषधाचं नाव छापा. न्हाई सापडलं तर तेबी छापा." तिला बसायला खुर्ची दिली, चहा दिला. छापलं काही नाही. गावात जे म्हातारे तिची कंबर मोजायला आले होते त्यांच्या घरातून आता 'गोळ्या खात हुती म्हनं' एवढंच बाहेर पडलं. पोलिसांतली जागा गेली. तिला पाहायला म्हणून शिराळ्याहून येणार होते ते आले नाहीत. वडिलांनी त्या साली तळ लवकर हलवला.

ती कुपवाडला मावशीच्या ओळखीनं एका कारखान्यात पॅकिंगला लागली. बंदी असलेल्या खेळाडूला साधं शिबिर नाही, कुठल्या मैदानावरची अधिकृत शर्यत नाही. सकाळच्या पाळीला माणसं दुचाकीवरून यायची, तेव्हा ही त्याच रस्त्याच्या कडेनं आपली चालत असायची, एकटी. आणि तपासणी? ती थांबली नव्हती. परत खेळायचं असेल तर बंदीच्या काळातही तो रोजचा तास लिहून द्यावाच लागतो. आता ती फॉर्म स्वतः भरायची. शब्दकोश घेऊन, एकेक रकाना. मी म्हटलं, मी करते. ती म्हणाली, "नगं बाई, यायला लागलंय मला." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या उन्हाळ्यात मोठी स्पर्धा झाली. संघाचे व्यवस्थापक म्हणून चिटणीस गेले. निळा कोट घालून विमानतळावर काढलेला त्यांचा फोटो मालननंच मला दाखवला. "बाई, ह्यांस्नीबी एक फारम पायजे," ती म्हणाली. "रोज एक तास. आज कुठं हुता, कुनाचं काम केलंसा. तीन टायमाला न्हाई घावलं की घरी." मी हसले, तीही हसली.

दोन वर्षांनी ती परत उतरली. राज्य स्पर्धेत चौथी. पुढच्या वर्षी पाचवी. पंचविशीतले ते दोन उन्हाळे परत मिळण्यातले नव्हते. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. एक दिवस बूट घासूनपुसून चुलत बहिणीला देऊन टाकले. मग उत्तरेकडच्या एका क्रीडा वसतिगृहात तिला मुलींना शिकवायची नोकरी लागली. तिथल्या मुलाखतीत म्हणे तिला विचारलं, पोरींना पहिलं काय शिकवाल? ती म्हणाली, "कुणी कायबी सांगितलं तरी लिहून घ्या. मग चाला."

गेल्या जूनमध्ये तिला सोडायला मी मिरज स्टेशनवर गेले. वडील सामानाजवळ उकिडवे बसलेले, आई तिच्या डब्यात आणखी एक भाकरी कोंबत होती. गाडीला वेळ होता. इतकी वर्षं जे मला नीट म्हणता आलं नव्हतं ते मी म्हटलं. "मालन, त्या संमेलनाच्या दिवशी मी विसरले नसते तर..."

तिनं मला अर्ध्यावर थांबवलं. "त्येचं काय न्हाई, बाई. माणूस इसरतंय. मीबी इसरले हुते की वडलांच्या तापात." मग तिनं खांद्यावरची पिशवी काढून वडिलांच्या हातात दिली. "पर त्या बाईनं चष्मा काढून इचारलं हुतं. ती ऐकाय बसली हुती. तवा तुमी मला गप बसवलंसा."

आईचा हात डब्यावर तसाच थांबला. फलाटावर कुठलीतरी घोषणा चालली होती. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"व्हय," मालन म्हणाली. "चुकलं."

मग ती वाकून पाया पडली, नेहमीसारखी दोन्ही हातांनी, आणि वडिलांच्या हातातली पिशवी घेऊन डब्यात चढली. मी खिडकीशी उभी राहिले, ती आणखी काही बोलेल म्हणून. ती आईशी बोलत होती. गाडी हलली.